मार्शल अर्जन सिंग, १ सप्टेंबर १९६५ आणि आपले यशवंतराव

रनवे_१०_२८
अर्जन सिंगांचं नाव निघालं की व्हॉट्सॅपवर दोनच गोष्टी फिरतात. एक म्हणजे २०१५ला पालम विमानतळावर कलामांच्या पार्थिवासमोर ९६ वर्षांचा हा माणूस व्हीलचेअरवरून उठून सॅल्यूट करतो तो फोटो, आणि दुसरं ते "एका तासात" वालं वाक्य, म्हणजे ६५ला विमानं किती वेळात निघतील असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर. दोन्ही भारीच आहेत, वाद नाही. पण त्या तासात नक्की काय घडलं, कोणी ठरवलं, कोणती विमानं गेली आणि त्याची किंमत काय पडली हे कोणी लिहित नाही, म्हणून धागा काढतोय.

आधी माणूस कोण ते पटकन. १५ एप्रिल १९१९ला ल्यालपूरला जन्म, म्हणजे आताचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. १९३८ला इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला निवड. मग वायव्य सरहद्दीवर जुनाट वापिटी विमानं, मग १९४४ला इम्फाळ. तिथे १ नंबर स्क्वॉड्रनचे सीओ (म्हणजे प्रमुख), विमानं हरिकेन आणि समोर जपानी. माउंटबॅटननी स्वतः येऊन डीएफसी हे शौर्यपदक छातीवर लावलं. १५ ऑगस्ट १९४७ला लाल किल्ल्यावरून शंभरावर विमानं गेली त्या फ्लायपास्टचं नेतृत्व यांचं. १ ऑगस्ट १९६४ला हवाई दलप्रमुख, वय फक्त ४५. आपल्याकडे ४५व्या वर्षी माणूस सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला तयार होत नाही.

आता मुद्दा. १ सप्टेंबर १९६५ला पहाटे पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले, डोळा अखनूरवर. अखनूर गेलं असतं तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारा रस्ताच तुटला असता. दुपारपर्यंत आपली फळी मागे ढकलली गेलेली. चारच्या सुमाराला लष्करप्रमुख जनरल चौधरी संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत, अर्जन सिंग तिथेच, आणि खुर्चीत आपले यशवंतराव चव्हाण. विमानं वापरायची का एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो पण १९६२ला चीनच्या वेळी लढाऊ विमानं वापरायची हिंमत सरकारला झाली नव्हती हे लक्षात घ्या. विमानं घातली की छांबमधली चकमक न राहता सरळ युद्ध होतं. नियमाने बघितलं तर पंतप्रधानांना विचारायचं, कॅबिनेटची समिती बोलवायची. यशवंतरावांनी काही मिनिटांत हो म्हटलं आणि शास्त्रीजींना नंतर सांगितलं. साडेपाचच्या आत पठाणकोटहून पहिली विमानं हवेत.

माझं म्हणणं असं की अर्जन सिंगांचं मोठेपण त्या वाक्यात कमी आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत जास्त दिसतं. ते खाली लिहितो, आधी बाकीच्यांचं येऊद्या.

मंजिरी_कोथरूड
छान सुरुवात. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे लहानपणापासून ऐकलंय पण सह्याद्रीने तिथे जाऊन नक्की केलं काय हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. एक बाळबोध प्रश्न, एअर मार्शल म्हणजे आर्मीतला कोण? जनरल का?

रनवे_१०_२८
एअर व्हाइस मार्शल = मेजर जनरल, एअर मार्शल = लेफ्टनंट जनरल, एअर चीफ मार्शल = जनरल. ६५च्या युद्धात अर्जन सिंग एअर मार्शलच होते, म्हणजे दलप्रमुख असूनही लष्करप्रमुखापेक्षा एक पायरी खाली. युद्धानंतर १९६६ला ते पद चार स्टारचं झालं आणि ते पहिले एअर चीफ मार्शल. २००२च्या २६ जानेवारीला पाच स्टार, मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स. हवाई दलात पाच स्टार मिळालेले एकटे तेच. आर्मीत माणेकशा आणि करिअप्पा.

शनिवारातला
धागा चांगला आहे पण आरती नको. ज्या विमानांचं कौतुक चाललंय त्यात १२ व्हँपायर होती. व्हँपायर! दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाचं डिझाइन, आणि समोर पाकिस्तानची सेबर जेट, त्याला साइडवाइंडर क्षेपणास्त्रं. त्या एका संध्याकाळी ४ व्हँपायर गेली. वर अजून एक, जे कोणी सांगत नाही. उजेड कमी झालेला, खाली आर्मीशी धड संपर्क नाही, त्यामुळे आपल्या विमानांनी आपल्याच काही तुकड्यांवर मारा केला. तासाभरात उडालो ठीक आहे, पण तासाभरात काय उडवलं? दलप्रमुखाने "साहेब, उद्या पहाटे नीट तयारीने जातो" असं म्हणायला हवं होतं का नाही?

आणि पाकिस्तानी थांबले ते विमानांमुळे हेही पूर्ण खरं नाही. २ तारखेला त्यांनी ऐन लढाईत सेनापती बदलला, अख्तर मलिकला काढून याह्या खान आणला, त्यात त्यांचा वेळ गेला. आपलं नशीब.

रनवे_१०_२८
@शनिवारातला, हेच पाहिजे होतं, धन्यवाद.

व्हँपायरचं सगळं मान्य. एकूण २६ विमानं, १२ व्हँपायर आणि १४ मिस्टेअर. मिस्टेअर ही फ्रेंच जेट त्यातल्या त्यात बरी. पण उद्या पहाटे गेलो असतो तर रात्रीतून पाकिस्तानी रणगाडे किती पुढे आले असते? सेनापती २ला बदलला, म्हणजे १च्या संध्याकाळी हे कोणाला माहीत असणार? आपण ६० वर्षांनी चहा पीत बसून २ तारखेचं बघून बोलतोय. त्या खोलीत बसलेल्यांसमोर फक्त नकाशा आणि चौधरींचा चेहरा होता.

आणि मी तीन दिवसांचं म्हणत होतो ते हेच. ४ विमानं पडल्यावर या माणसाने वैमानिकांना दोष दिला नाही आणि "आमची विमानं भारी आहेत" असा हट्टही धरला नाही. व्हँपायर आघाडीवरून मागे घेतली. उरलेल्या विमानांत सेबरला तोंड देईल असं काय आहे हे बघून नॅट ही छोटी लढाऊ विमानं पठाणकोटला आणली, आणि ३ तारखेला सकाळी नॅटने सेबरला गाठलं. ट्रेव्हर कीलर, वीरचक्र. दोन दिवसांपूर्वी मार खाल्लेलं दल आणि हे. चिमुकलं विमान, सेबरवाल्याला दिसायलाच उशीर व्हायचा.

जुना_फिटर
नमस्कार. मी ६५ला शाळेत होतो, हवाई दलात नंतर गेलो, फिटर म्हणून, बरीच वर्षं काढली त्यातली काही पुण्याच्या लोहगाव तळावर. ऑफिसर नव्हतो त्यामुळे मोठ्या साहेबांच्या खोलीत काय झालं त्यावर बोलणार नाही. "तासाभरात" या शब्दावर मात्र बोलतो कारण तो तास साहेबाचा नसतो, आमचा असतो.

विमान नुसतं उभं असतं तेव्हा ते काहीच नसतं. बाउझर (इंधनाचा टँकर) येणार, इंधन भरणार, आर्मामेंटवाले गोळ्यांचे पट्टे लोड करणार, पंखाखाली रॉकेट लावायची ती हाताने उचलून, दोघं-तिघं मिळून, बोटं सांभाळून. पिना कोणी काढल्या कोणी नाही हे मोजायचं, कारण एक पिन राहिली तर वैमानिक तिकडे जाऊन बटण दाबतो आणि खाली काही पडत नाही. मग साहेब चढतात, आपण शिडीवर उभं राहून त्यांच्या सीटचे पट्टे आवळायचे, काच पुसायची. सप्टेंबरात पठाणकोटला दुपारी विमानाचा पत्रा एवढा तापतो की उघडा हात टेकवता येत नाही. असं २६ विमानांचं करायचं तर ती विमानं आधीपासून अर्धी तयार ठेवलेली असणार, त्याशिवाय होतच नाही. म्हणजे खरं काम त्या तासाच्या आधीच्या दिवसांतलं. साहेब "एका तासात" म्हणाले कारण त्यांना माहीत होतं तळावर काय अवस्था आहे. ज्या दलप्रमुखाला आपल्या टारमॅकवरची अवस्था माहीत नाही तो असं बोलायचं धाडस करणार नाही.

आणि ते स्वतः विमान उडवायचे, प्रमुख झाल्यावरसुद्धा सोडलं नाही. साठाहून जास्त प्रकारची विमानं चालवलेला माणूस. असा साहेब हँगरमध्ये आला की फिटरला कळतं, तो हात कुठे ठेवतो त्यावरून.

मंजिरी_कोथरूड
@जुना_फिटर काका, हा प्रतिसाद सेव्ह केला 🙏

पेठेतली_सून
माझ्या सासूबाई ६५ला पुण्यात कॉलेजात होत्या. काचांना ब्राउन पेपर चिकटवलेला आणि बल्बला काळा कागद गुंडाळलेला, एवढं त्यांना पक्कं आठवतं. आणि शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडा सांगितलं होतं धान्य वाचवायला, तर आजेसासूबाई म्हणाल्या म्हणे की मी चाळीस वर्षं सोमवार करतेय, आता दिल्लीला कळलं. अवांतर आहे, पण हवाई दलाचं काहीच माहीत नसणाऱ्या घरांत ते युद्ध असं होतं.

शनिवारातला
फिटर काकांना मान देऊन पुढचा मुद्दा. ६ सप्टेंबर. आपली आर्मी लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडते, सकाळी. एवढी मोठी मोहीम, तर पहाटेच शत्रूचे विमानतळ झोडपायला नको? नाही झोडपले. आणि संध्याकाळी पठाणकोटवर त्यांचे सेबर आले तेव्हा आपली विमानं जमिनीवर उभी होती. दहाच्या आसपास विमानं जळाली, त्यात नुकतीच आलेली दोन मिग-२१. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेला कलाईकुंडा, परत तेच, कॅनबेरा बॉम्बर जमिनीवरच गेली. याचं उत्तर दलप्रमुखाने द्यायचं का फिटरने?

रनवे_१०_२८
दलप्रमुखानेच. पठाणकोटची बाजू मी घेणार नाही, हल्ला होणार हे दिसत असताना विमानं अशी उघड्यावर सापडणं हा ठपकाच आहे आणि तो वरपर्यंत जातो.

पण सकाळी का झोडपलं नाही हा प्रश्न वेगळा. आर्मी आणि एअर फोर्स यांची बसून केलेली एक योजना अशी ६५ला नव्हतीच. आर्मीने आपलं ठरवायचं आणि अडचण आली की एअर फोर्सला हाक मारायची, १ तारखेला छांबला झालं तसंच. त्यात एकट्या अर्जन सिंगांचा दोष किती आणि चौधरींचा किती यावर लोक अजून भांडतात. माझ्या मते जास्त चौधरींचा, कारण आक्रमण आर्मीचं होतं, तारीख वेळ त्यांच्या हातात.

पूर्वेचं म्हणाल तर तिकडे युद्ध वाढवायचं नाही हा सरकारचा निर्णय होता, चीनची धास्ती होती. कलाईकुंडाला त्याच दिवशी सेबर परत आले तेव्हा आल्फ्रेड कुकने हंटर हे लढाऊ विमान घेऊन जे केलं तेही वाचा.

टेकडीवरचा
यात एक गोष्ट कोणी आणली नाही. एप्रिल ६५, कच्छचं रण. तिथे चकमक चालू असताना पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख असगर खान यांनी अर्जन सिंगांना सरळ फोन केला, आपण दोघं विमानं यात आणायची नाहीत. आणि ठरलं, आणली नाहीत. दोघं फाळणीआधी एकाच दलात नोकरी केलेले, तोंडओळख नाही चांगली ओळख. विचार करा, दोन देशांचे दलप्रमुख फोनवर बोलून ठरवतात.

मग जुलैत असगर खान गेले आणि नूर खान आले. नूर खानांच्या पहिल्या काही आठवड्यांतच छांब. शनिवारातल्यांचा मुद्दा यात घालून बघा, एप्रिलमध्ये संयम ठेवून जमलं होतं म्हणून सप्टेंबरातही आधी वार करायची घाई झाली नाही, असं मला वाटतं. चूक असेल, पण माणसाच्या स्वभावाला धरून आहे.

शनिवारातला
@टेकडीवरचा, हे बरोबर बसतंय. पण मग त्याला संयम म्हणायचं का भाबडेपणा, ते ज्याने त्याने ठरवावं. पठाणकोटला त्याचं बिल आलं.

ढोले_पाटील_रोड
एवढं गंभीर चाललंय तर एक हलकं. हा संयमी माणूस १९४५ला कन्नूरला घरावरून विमान इतकं खाली नेत होता की कोर्ट मार्शलची वेळ आली. बचाव काय केला, तर सोबत एक शिकाऊ वैमानिक होता, त्याचा आत्मविश्वास वाढावा म्हणून. तो शिकाऊ म्हणजे दिलबाग सिंग, जे पुढे स्वतः हवाई दलप्रमुख झाले. आत्मविश्वास वाढला म्हणायचा 😀

जुना_फिटर
😀 असे साहेब आम्हीही पाहिलेत, नावं घेत नाही.

शनिवारातल्यांनी पठाणकोटचं उत्तर फिटरने द्यायचं का विचारलंय ते मनाला लागलं नाही, बरोबरच आहे. एक सांगतो. विमान उतरलं की ते परत भरायचं असतं, त्याला टर्न अराउंड म्हणतो आम्ही, आणि तेव्हा ते उघड्यावर असतं. लपवायला भिंतीआड पेनमध्ये न्यायचं तर ढकलून न्यायचं, परत बाहेर काढायचं. कामाचा दाब असला की कंटाळा होतो, माणसं म्हणतात इथेच भरू. हे थांबवायला वरचा कडक लागतो, आणि त्या संध्याकाळी तो कमी पडला. ६५नंतर तळांवर काँक्रीटचे शेल्टर बांधले ते त्यामुळेच. आम्ही ७१नंतरची मुलं त्या शेल्टरमध्ये वाढलो, उन्हात एवढं सुख दुसरं नाही.

विमाननगर_गच्ची
लोहगाववाल्यांसाठी अवांतर. १९६१ला गोव्याच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला कॅनबेरा गेली ती इथूनच, लोहगावहून, १८ डिसेंबरला. धावपट्टी उखडायची पण टर्मिनलला हात लावायचा नाही असा हुकूम, आणि तसंच केलं. तेव्हा दलप्रमुख अस्पी इंजिनीअर, तेच ज्यांनी १९३०ला आगाखान बक्षिसाच्या शर्यतीत जेआरडींना हरवलं, आणि ते पण जेआरडींनीच वाटेत इजिप्तमध्ये स्पार्क प्लग दिल्यावर.

आता इथे सुखोई आहे. संध्याकाळी गच्चीत उभं राहिलं की आधी मागच्या दोन नारिंगी ज्वाळा दिसतात, आवाज नंतर येतो आणि खिडकीची काच थरथरते. बाहेरचे पाहुणे दचकतात, आम्ही बोलायचं थांबतो आणि आवाज गेला की तेच वाक्य पुढे चालू.

मंजिरी_कोथरूड
५०व्या वर्षी रिटायर झाले असं वाचलं, १९६९ला. एवढ्या लवकर का? काही बिनसलं होतं का सरकारशी?

रनवे_१०_२८
बिनसलं नाही. ४५व्या वर्षी प्रमुख झाले आणि जवळजवळ पाच वर्षं राहिले, १५ जुलै १९६९पर्यंत. अजून किती राहणार, खालच्यांची वाट अडते. त्यांच्यानंतर पी. सी. लाल आले, ६५ला उपप्रमुख तेच होते, आणि ७१चं युद्ध लालनी लढवलं. ७१ला आर्मी आणि एअर फोर्सची योजना एकत्र बसून झाली, ते ६५ला शेकलेलं होतं म्हणूनच. त्यामुळे ७१चं थोडं श्रेय ६५च्या चुकांनाही द्या.

अर्जन सिंग नंतर स्वित्झर्लंडला राजदूत, मग केनियात उच्चायुक्त, १९८९-९०ला दिल्लीचे नायब राज्यपाल. पुस्तक लिहून कोणावर चिखल उडवला नाही, चौधरींवरही नाही. शेतजमीन विकून २ कोटी रुपये माजी हवाई सैनिकांच्या ट्रस्टला दिले. १६ सप्टेंबर २०१७ला गेले, ९८व्या वर्षी. पानागढच्या तळाला त्यांचं नाव हयातीतच, २०१६ला दिलं होतं.

जुना_फिटर
तो ट्रस्ट माहीत आहे. आमच्यासारख्या खालच्या रँकच्या लोकांना आणि विधवांना त्यातून मदत होते. साहेब लोक पेन्शनीत आपापलं बघतात, सगळेच नाही पण बहुतेक. म्हणून हे २ कोटी मला त्या सॅल्यूटच्या फोटोपेक्षा मोठे वाटतात.

शनिवारातला
यावर माझा काही वाद नाही.

यशवंतरावांचं मात्र राहिलं. धाग्याच्या नावात आहेत आणि दोन ओळींत संपले. त्यांनी युद्धात डायरी लिहिली होती, नंतर पुस्तकरूपात आली. १ तारखेचा निर्णय त्यांचा आहे. फसला असता तर कॅबिनेटला न विचारता युद्ध पेटवलं म्हणून पहिला राजीनामा त्यांचाच मागितला गेला असता, आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा १९६२ला घेतला तसा, आणि मेनन यांच्याच खुर्चीत ते बसलेले. दलप्रमुखाला "तासाभरात" म्हणता आलं कारण समोरच्याने "फाइल पाठवा" म्हटलं नाही.

रनवे_१०_२८
१००% सहमत, आणि हे वाक्य मी धाग्यातच लिहायला हवं असं आहे. घालतो.

टेकडीवरचा
आता मराठी दलप्रमुखांवर पण कोणीतरी लिहा. हृषिकेश मुळगावकर, काश्मीर ४७-४८चं महावीरचक्र, १९७६ ते ७८ दलप्रमुख, २०१५ला पुण्यातच गेले आणि पुण्यात कोणाला पत्ता नाही. १९७७ला जोरहाटला मोरारजींचं विमान पडलं ते यांच्याच काळात, पंतप्रधान वाचले आणि पाचही क्रू गेले. शनिवारातले, तुम्ही काढा धागा.

शनिवारातला
काढतो. पण त्यातही आरती करणार नाही, आधीच सांगतो.